खालची खोली मिळेल का?

मे महिना जवळ आला की आमच्या घरी दोन फोन ठरलेले असतात. पहिला बेळगावहून वहिनीचा, "यंदा मुलांना कुठं न्यायचं?" दुसरा आईचा, "तुम्ही सगळे जावा, मला आपलं घरीच राहू द्या." आईचा फोन आला की समजावं, वहिनीचा फोन तिच्यासमोरच झालेला आहे.

माझं माहेर बेळगावातलं, शहापूरचं. सासर इथं वाळपईला. आईचं माहेर धारवाड. त्यामुळे लहानपणी आम्ही बाबांशी मराठीत आणि आईशी कानडीत बोलत मोठे झालो. आता माझी मुलं बाहेर कोकणी बोलतात आणि अज्जीजवळ बसली की मोडकंतोडकं कानडी. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हीच तऱ्हा असणार. अशा घरांची एक अडचण मात्र बाहेरच्यांना कळत नाही. गोव्यातल्या शाळांना लांब सुट्टी दिवाळीची, कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची. दोन्हीकडची मुलं एकत्र सुटतात ती मे महिन्यातच. आणि मे महिन्यात सगळा देशच घराबाहेर पडलेला असतो.

एरवी वाळपईच्या पोरांची सहल म्हणजे बोंडला. आठ चौरस किलोमीटरचं, गोव्यातलं एक लहानसं अभयारण्य. सकाळी डबे भरून जायचं, प्राणी बघायचे, झाडाखाली जेवायचं, संध्याकाळी घरी. पण मोठे पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या बघायच्या म्हटलं की मुक्काम आला, आणि मुक्काम आला की खोली आली. आज त्या खोलीबद्दलच लिहायचं आहे.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा सगळे मिळून बंगळूरला गेलो. मुलांना 'वंडरला' बघायचं होतं. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ, शहरापासून सुमारे २८ किलोमीटरवर असलेलं हे उद्यान २००५ मध्ये सुरू झालं. चोर्ला घाट चढून, कणकुंबी-जांबोटीवरून आम्ही बेळगाव गाठलं आणि रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसलो. आठ माणसं, अकरा पिशव्या. माझी लेक सहा वर्षांची, मुलगा जेमतेम वर्षाचा. आई तेव्हा सत्तरीची.

हॉटेलचं बुकिंग मी केलं होतं, मॅजेस्टिकच्या भागात. फोटो चांगले होते, दर परवडणारा होता आणि 'लिफ्टची सोय' असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. लिफ्ट होतीच. फक्त ती रस्त्यापासून सात पायऱ्या चढून गेल्यावर होती. तीन खोल्या मिळाल्या त्या तीन वेगवेगळ्या मजल्यांवर. आईची खोली तिसऱ्या मजल्यावर, लांब पॅसेजच्या अगदी टोकाला. बाथरूमला वीतभर उंच उंबरा. मी एकदा म्हटलं, "आई, चालेल ना?" ती म्हणाली, "न चालायला काय झालं? छान आहे की." मी चाव्या घेतल्या आणि मुलाचं दूध गरम करायला धावले.

पहिल्या दिवशी आई आमच्याबरोबर उद्यानात आली. दिवसभर एका बाकावर आमच्या पिशव्या राखत बसली. दुपारी तासभर आडवं व्हायचं म्हटलं तर खोली २८ किलोमीटर दूर. दुसऱ्या दिवशी लालबागला जायचं होतं. खरं तर या सगळ्या सहलीत आईला स्वतःला बघायचं होतं ते एवढंच. धारवाडच्या शाळेत असताना तिनं लालबागेतल्या काचघराचं चित्र पाहिलं होतं. पण सकाळी तयार व्हायच्या वेळी ती म्हणाली, "आज गुरुवार, माझा उपास. उन्हात नको. तुम्ही जाऊन या." आम्ही गेलो. संध्याकाळी तिला मोबाइलवर काचघराचे फोटो दाखवले. तिनं चष्मा लावून सगळे पाहिले.

पुढं जूनमध्ये ती वाळपईला राहायला आली. बाहेर आमच्या सत्तरीचा पाऊस कोसळत होता आणि माझी लेक तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. पोरीनं सहज विचारलं, "अज्जी, तू लालबागला का नाही आलीस?" आई म्हणाली, "अगं, खाली उतरलं की परत वर यावं लागतं. सात पायऱ्या, मग ती लिफ्ट, मग छप्पन्न पावलं."

स्वयंपाकघरातून मी ते ऐकलं. छप्पन्न पावलं. तिनं मोजली होती. आणि मग माझ्या लक्षात आलं की औषधं सुरू झाल्यापासून गुरुवारचा उपास तिनं केव्हाच सोडून दिला होता. त्या गुरुवारी ती आमच्यासाठी उपाशी राहिली होती, की खाली जेवायला उतरावं लागू नये म्हणून, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

हे मनाला इतकं लागलं, कारण या बाबतीत आपण काही अडाणी नाही. देवाला जाताना आपण बरोबर बोलतो. गोव्यातल्या देवळांना अग्रशाळा असतात. तिथं उतरायचं झालं तर माझ्या सासूबाई आधी सांगून ठेवतात, "बरोबर म्हातारं माणूस आहे, खालचीच खोली ठेवा." नरसोबाच्या वाडीला, गाणगापूरला, धर्मस्थळाला आपण भक्त निवासाच्या खिडकीशी उभं राहून बिनदिक्कत हेच सांगतो. तिथं आपल्याला लाज वाटत नाही. पण काचेचं दार, समोर टाय लावलेला मुलगा, टेबलावर फुलांची बशी असं दिसलं की जीभ टाळ्याला चिकटते. उगीच नखरे करतोय असं वाटेल का? जास्त पैसे मागतील का? 'जे मिळालं ते घ्या' असं आपणच आपल्याला समजावतो. देवापुढं संकोच नाही आणि हॉटेलवाल्यापुढं संकोच, असा हा उलटा न्याय.

आमच्या शेजारचा एक मुलगा पणजीतल्या हॉटेलात रिसेप्शनला काम करतो. गोव्यात अशी मुलं घरटी एक सापडतील. त्याला मी एकदा चहाला बसवून सगळं विचारून घेतलं. त्यानं जे सांगितलं ते मला वाटतं प्रत्येक घरानं फ्रिजवर लावून ठेवावं.

पहिली गोष्ट, आपण पैसे भरतो तेव्हा खोलीचा प्रकार ठरतो, खोलीचा नंबर ठरत नाही. साधी, डिलक्स, एसी, दोन पलंगांची, इतकंच आपण घेतलेलं असतं. त्या प्रकारच्या वीस खोल्यांपैकी नेमकी कुठली आपल्याला द्यायची हे बहुतेक ठिकाणी आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी ठरतं. कोण जाणार, कोणाचा मुक्काम वाढला, कुठली खोली दुरुस्तीला काढली आहे हे बघून रिसेप्शनवरचा माणूस यादीत नावापुढे नंबर टाकतो. यालाच ते 'खोली ब्लॉक करणं' म्हणतात. म्हणजे आपलं म्हणणं पोचायला हवं ते हा नंबर पडण्याच्या आधी. आपण दारात उभं राहून सांगतो तेव्हा यादी तयार असते आणि मागं दहा माणसं रांगेत असतात. मग तो बिचारा तरी काय करणार?

दुसरी गोष्ट, इंटरनेटवर बुकिंग करताना 'विशेष विनंती' म्हणून एक चौकोन असतो. त्यात अवश्य लिहावं, पण त्यावर विसंबून राहू नये. ते लिहिलेलं हॉटेलात कोणी वाचलंच असेल असं नाही. निघायच्या दोन-तीन दिवस आधी थेट हॉटेलला फोन करावा. सकाळी खोल्या सोडणाऱ्यांची घाई असते, दुपारी नवीन येणाऱ्यांची. या दोन्ही वेळा टाळून संध्याकाळी फोन केला तर समोरचा माणूस दोन मिनिटं नीट ऐकतो. बुकिंगचा नंबर, नाव, तारीख आणि आपण किती वाजता पोचणार हे आधी सांगावं. ज्याच्याशी बोललो त्याचं नाव विचारून लिहून ठेवावं, आणि जमलं तर तेच दोन ओळींत ई-मेलनं पाठवावं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. तो म्हणाला, "ताई, लोक आम्हाला सांगतात, 'चांगली खोली द्या.' चांगली म्हणजे काय ते आम्हाला कसं कळणार?" खरंच आहे की. कोणाला चांगली म्हणजे वरच्या मजल्यावरची, कोणाला स्विमिंग पूलसमोरची, कोणाला शांत. म्हणून मागायचं ते नेमकं मागावं, कारण सांगून मागावं, आणि एकच मागावं. फार तर दोन, पण त्यातलं आधीचं कुठलं तेही सांगावं. "आई ७५ वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे पायऱ्या चढता येत नाहीत. खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ हवी. दोन्ही खोल्या शेजारी मिळाल्या तर बरंच, नाही तर एकाच मजल्यावर चालतील." असं म्हटलं की समोरच्याला वाट सापडते. आठ मागण्यांची यादी वाचली की तो 'बघतो' म्हणतो आणि विसरतो.

खोल्यांच्या बाबतीत शब्दांची गफलत होते, तीही त्यानं समजावली. 'कनेक्टिंग' म्हणजे दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीतच दार. लहान मुलं एका खोलीत, आईबाप दुसऱ्या, अशा घरांना ती सोयीची. पण अशा जोड्या हॉटेलात मोजक्याच असतात. नुसत्या शेजारच्या खोल्या हव्या असतील तर तसं सांगावं, त्या मिळणं सोपं. आपण तोंडानं 'कनेक्टिंग' म्हणतो आणि मनात 'शेजारी' असतं, मग दोन्ही हातचं जातं.

'तळमजला' म्हटलं म्हणजे पायऱ्या नाहीत असंही समजू नये. आपल्याकडच्या जुन्या इमारतींना जोतं उंच असतं. म्हणून सरळ विचारावं, "रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती? लिफ्टला जायला पायऱ्या आहेत का? बाथरूमला उंबरा आहे का? कमोड आहे का, आणि धरायला भिंतीला दांडा आहे का?" बाथरूममध्ये टब असेल तर म्हाताऱ्या माणसाला तो ओलांडणं डोंगर ओलांडण्यासारखं. या प्रश्नांत लाजण्यासारखं काही नाही. अपंगांसाठी आणि व्हीलचेअरवरच्या पाहुण्यांसाठी काही हॉटेलांत एखादी खोली वेगळी केलेली असते, रुंद दाराची, उंबरा नसलेली. विचारलं तरच ती आहे हे कळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर याबद्दल बोलणं वाढलं आहे, आणि २०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला 'पर्पल फेस्ट' झाला तेव्हा रॅम्प हा शब्द आमच्या वाळपईच्या बाजारातही ऐकू येऊ लागला.

प्रत्येक सोयीची एक गैरसोय असते, हेही ध्यानात ठेवावं. लिफ्टजवळची खोली म्हणजे चालणं कमी, पण रात्री दारं आपटल्याचे आवाज. तळमजला म्हणजे पायऱ्या नाहीत, पण खिडकीसमोरून माणसांची ये-जा आणि संध्याकाळी डास. पूलसमोरची खोली मुलांना हवीहवीशी, पण रांगतं मूल असेल तर दार एक क्षणही उघडं ठेवता येत नाही. वरच्या मजल्यावर गॅलरी असेल तर तिचा कठडा आधी बघावा. आपल्या घरात कोणाला काय टाळणं भाग आहे ते ठरवावं आणि बाकीचं सोसावं.

खोलीत पाऊल ठेवण्याआधी चावी घेऊन एकानं जाऊन बघून यावं, सामान खालीच ठेवावं. पसंत नसेल तर तेव्हाच, हसून, बदलून मागावी. एकदा पलंगावर बसलो, बाथरूम वापरलं, की ती खोली पुन्हा साफ करावी लागते आणि बदलून देणं त्यांनाही जड जातं. रात्रीच्या गाडीनं सकाळी सातला पोचणार असाल तर खोली तयार नसणार हे धरूनच चालावं. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी मिळते. सामान ठेवून तोंड धुवायची सोय होईल का, एवढं आधी विचारून ठेवावं.

आणि एक विनंती माझी. खोटं आजारपण सांगून सोयीची खोली मागू नये. लिफ्टजवळच्या खोल्या मोजक्याच असतात. आपण खोटं बोलून एक घेतली, तर कोणाची तरी आई छप्पन्न पावलं मोजत बसते.

तुम्ही म्हणाल, दोन दिवसांच्या खोलीसाठी इतका विचार कशाला? पण ज्यांनी ही उद्यानं उभारली त्यांनी हा विचार फार आधी केला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ च्या जुलैमध्ये डिस्नेलँड उघडलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच्या शेजारी डिस्नेलँड हॉटेल सुरू झालं. १९७१ मध्ये फ्लोरिडात त्यांनी दुसरं, अवाढव्य उद्यान उघडलं, तेव्हा एका हॉटेलची इमारत अशी बांधली की मोनोरेल गाडी थेट तिच्या पोटातून जाते. माणूस खोलीतून निघाला, लिफ्टनं उतरला, गाडीत बसला आणि उद्यानाच्या दारात. आपल्याकडे बिडदीच्या उद्यानालाही २०१२ मध्ये ८४ खोल्यांचं हॉटेल जोडलं गेलं. महाराष्ट्रात खोपोलीजवळ 'इमॅजिका' २०१३ मध्ये सुरू झालं आणि दोन वर्षांनी तिथंही हॉटेल झालं. यामागं धंदा आहेच, पण माणसाच्या थकव्याचा हिशेबही आहे. खोली जवळ असली की दुपारी दोन वाजता घरातलं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठं माणूस तासभर झोपू शकतं, गोळ्या वेळेवर घेऊ शकतं, आणि चार वाजता पुन्हा बाहेर पडू शकतं. खोली दूर असली की ती दोन माणसं दुपारनंतर सहलीतून बाद होतात. त्यातलं लहान रडून सांगतं. मोठं सांगत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही पुन्हा निघालो. या वेळी शहरात न राहता उद्यानाच्या बाजूलाच एका हॉटेलात उतरायचं ठरलं. मी सगळा अभ्यास केलेला. तीन दिवस आधी वहिनीला फोन करायला लावला, कारण तिचं कानडी माझ्यापेक्षा स्वच्छ. तळमजला, शेजारी-शेजारी खोल्या, आणि आईची खोली पूलपासून लांब, अगदी शांत बाजूला. सगळं मिळालं. पायरी एकही नाही, बाथरूमला उंबरा नाही, खिडकीतून बाग दिसणारी खोली. हे मला म्हणाले, "जिंकलीस." मलाही तसंच वाटलं.

पहिल्या दिवशी दुपारी मुलं पूलमध्ये खेळत होती. मी आईला बघायला गेले तर खोलीला कुलूप. काळजात धस्स झालं. शोधत रिसेप्शनला आले तर आई काउंटरला दोन्ही कोपरं टेकून उभी, आणि आपल्या धारवाडी कानडीत विचारते आहे, "मक्कळु काणो खोली सिगतदेनरी?"

मुलं दिसतील अशी खोली मिळेल का.

काउंटरवरचा मुलगा हसत होता. तो हावेरीकडचा निघाला. म्हणाला, "अज्जी, इकडं कोणी 'खोली' म्हणत नाही, 'रूम' म्हणतात. तुमच्या तोंडून 'खोली' ऐकलं आणि घरची आठवण झाली." 'खोली' हा आपला मराठी शब्द आईच्या माहेरच्या कानडीत कधीचा मुक्कामाला आहे, हे त्या दिवशी बंगळूरच्या वाटेवर कळलं. त्यानं वही उघडली, कोणाशी तरी फोनवर बोलला, आणि अर्ध्या तासात आईला पूलच्या बाजूची खोली मिळाली. तीही तळमजल्यावरचीच होती. फक्त आवाजाची होती, म्हणून मी ती नको म्हटलं होतं.

मी आईला म्हटलं, "अगं, तिथं किती कलकलाट आहे! मी मुद्दाम शांत खोली मागून घेतली तुझ्यासाठी." आई म्हणाली, "शांत तर शहापूरला वर्षभर आहेच की. शांत बसायला मी इतक्या लांब आले होय?"

यावर मी काय बोलणार? मी हॉटेलला विचारलं, शेजारच्या मुलाला विचारलं, वहिनीला विचारलं. पायऱ्या मोजल्या, उंबरे मोजले. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिला मात्र विचारायचं राहून गेलं. २०१८ मध्ये मी विचारलं होतं, पण "चालेल ना?" असं. या प्रश्नाला आपल्याकडच्या आयांचं एकच उत्तर असतं. विचारायचं तर "तुला काय दिसायला हवं? तुला कशाचा त्रास होतो?" असं विचारायला हवं, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायला हवं.

ते दोन दिवस आई खिडकीशी खुर्ची ओढून बसली. मुलं पाण्यातून हात करायची, ती आतून हात करायची. सकाळी आमच्याबरोबर चालत नाश्त्याला आली, तट्टे इडली खाल्ली, आणि एवढी मोठी इडली बेळगावात का करत नाहीत म्हणून वहिनीशी वादही घातला. परतीच्या दिवशी आम्ही बंगळूरात लालबागला थांबलो. आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, त्यात बसून ती काचघरापर्यंत गेली. १८८९ मध्ये पाया घातलेलं ते काचघर बघून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शाळेतल्या चित्रात मोठं वाटलं होतं." आणि थोड्या वेळानं, "पण बघितलं हे बरं झालं."

परवा पुन्हा तिचा फोन आला. मे महिन्याची बोलणी सुरू झाली आहेत. आता ती 'मला घरीच राहू द्या' म्हणेल म्हणून मी तयारीत होते. पण ती म्हणाली, "यंदा फोन तू करू नको, मीच करते त्यांना. तू फक्त नंबर दे."